डी-आय-एस

४ ऑगस्ट, सोमवार

सांगलीच्या विश्रामबागेतला क्लास हातचा सुटला आणि रहिमतपूरच्या शाखेवर येऊन पडलो! वर्गात अकरा टाळकी. मालक जयराजनं स्वतः लिहिलेली पुस्तिका शिकवायची — सुरुवात सारखी असलेले चाळीस इंग्रजी शब्द, अर्थासकट, रोज घोकायचे. आज 'कॉन'. कॉन्फेस, कॉन्ट्रॅक्ट, कॉन्स्टेबल — कुणाचा कुणाशी संबंध नाही! जयराज म्हणतो, "भरतेश सर, ही पद्धत लय गाजणार." गाजेल. इथं काहीही गाजेल.

५ ऑगस्ट

'डिस'. पोरांनी घोकलं, दारापर्यंत जाईतो विसरली.

६ ऑगस्ट, बुधवार

आज कहर! मनुबाई म्हणून साठीची बाई वर्ग चालू असताना आत आली आणि थेट पहिल्या बाकावर बसली. नवरा फौजेत हवालदार होता, वारला. मुलगा सूरजही फौजेत. तो जूनमध्ये मुदतीआधीच घरी आला. का, ते सांगत नाही. फौजेनं दिलेला कागद ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. हिनं त्याच्या हातात कागद ओझरता पाहिला. विदुषीला त्यावरची तीन इंग्रजी अक्षरं तेवढी लागली!

"आवं सर, फौजंतला डी-आय-एसचा शब्द कंचा हाय?"

"डिसमिस. बडतर्फ. हाकलून दिलं."

"दुसरा येकादा नसंल व्हय?"

पोरं खिदळायला लागली. मला सांगलीची गाडी गाठायची होती. म्हणालो, "मावशी, डिसचे सगळे शब्द वाईटच. जावा आता."

गेली. जाताना वाकून नमस्कार! कशाबद्दल, देव जाणे.

७ ऑगस्ट

'एक्स'. डोकं उठलं.

११ ऑगस्ट, सोमवार

बाई पुन्हा हजर! भर वर्गात सांगते — "काल पोराला घराभाईर काढला. म्हटलं, बाच्या वर्दीला काळं फासलंस, तोंड दावू नगंस. तुमी खरं सांगितलंसा म्हणून कळलं."

"तो काय म्हणाला?"

"पाया पडला आन् अंगावरच्या कापडानिशी गेला."

काय ही माणसं! एका शब्दावर पोटचं पोर हाकलतात. आणि श्रेय मला! नुसती नाटकं. फळा पुसला आणि पुढचे शब्द लिहायला घेतले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मनुबाईनं ट्रंकेचं कुलूप फोडलं. कागद घेऊन आली. मी वाचला.

डिस्चार्ज. फिटचे झटके येतात म्हणून, वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त. वर्तणूक — उत्तम.

हा शब्द मला त्या दिवशीही येत होता.

"म्हंजी हाकललं न्हवतं?"

"नाही, मावशी."

बाई खाली जमिनीवरच बसली. सूरजचा फोन रविवारपासून बंद आहे. मग तिनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. ट्रंकेत कागदाखाली होती म्हणाली. सगळी माझ्यापुढं मांडली.

"सर, ह्यावर काय लिवलंय?"