सहावा अर्ज

देगू,
रविवार, १७ सप्टेंबर २०२३

प्रिय ताई,

लांबूनच नमस्कार करते. भिक्षुणी झालीस म्हणून मठात सगळे तुला आदराने सुनिम म्हणतात, मीही म्हणायला हवं. पण जिच्याशी उशांनी मारामारी केली तिला एकदम पूज्य करायला माझी जीभ वळत नाही. तू रागावणार नाहीस हे ठाऊक आहे. राग सोडलेल्या माणसाला पत्र लिहिणं त्यातल्या त्यात सोपं असतं.

गुडघा कसा आहे? तुमच्याकडे थंडी लवकर उतरते म्हणून लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलने पाठवलेत. मठात चालतात तसे करडेच घेतलेत, परत पाठवू नकोस. इकडे सगळं ठीक. सोयुलचे बाबा कामावर जातात, येतात, जेवतात, पेंगतात. मी मात्र एका जागी टेकत नाही. काल एकच फडताळ तीनदा पुसलं.

कारण तुला ठाऊकच आहे. सोयुलचं बारावीचं वर्ष. सोळा नोव्हेंबरला मोठी परीक्षा. त्याआधी सप्टेंबरात विद्यापीठांचे पहिले अर्ज भरायचे, जास्तीत जास्त सहा. ते परवा शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद झाले. आमच्या बाईसाहेबांनी पाचच भरले, आणि पाचही असे की ऐकणाऱ्याने भुवया उंचवाव्यात. शाळेतले गुण बेताचे, पण सराव परीक्षांत चमकते, म्हणून तिची सगळी भिस्त मोठ्या परीक्षेच्या गुणांवर जानेवारीत भरायच्या अर्जांवर आहे. तिला खगोलशास्त्रच हवंय आणि तेही सोलमधल्या एकाच विद्यापीठात. दुसरीकडे आकाश वेगळं असतं की काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, "दुर्बीण वेगळी असते."

"आणि सहावा अर्ज?"

"रिकामा ठेवायचा. नको तिथे नंबर लागला तर काय करू?"

"नंबर लागणं कधी वाईट असतं का गं?"

"आई, तू नियम वाचलेस का?"

वाचलेत. तिच्याहून जास्त वेळा वाचलेत. प्रवेशाचा सल्ला देणारे एक गृहस्थ आहेत, भिंतीएवढा तक्ता लावून बसतात. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सहावी जागा रिकामी सोडणं म्हणजे ढग दिसत असताना छत्री घरी ठेवून निघणं." त्यांचं बोलणं डोक्यात घोळत राहतं. असो.

तिच्या नावाचा दिवा तुझ्या मठात परीक्षेपर्यंत लावशील का? मी इथे दर आठवड्याला डोंगर चढून दगडी टोपीच्या बुद्धाकडे जातेच आहे. तो एकच मागणं पुरवतो म्हणतात. अर्ध्या शहरातल्या आया तिथे गुडघे झिजवत असतात, त्यामुळे माझा नंबर कधी लागेल कोण जाणे.

तुझी धाकटी,
मिग्योंग


देगू,
शनिवार, २१ ऑक्टोबर २०२३

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, दोन ओळी. पहिल्या ओळीत दिवा लावल्याचं, आणि दुसऱ्या ओळीत प्रश्न: "सहावा खरंच रिकामा राहिला का?"

तुला विचारायची काय गरज होती? मठात बसून लोकांच्या मनातलं वाचायला शिकवतात का?

आधी दुसरं सांगते. मंगळवारी सोयुलचा वाढदिवस झाला. वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप केलं नाही. परीक्षेच्या वर्षी ते बुळबुळीत सूप खाल्लं की मूल घसरतं, ही सगळ्या आयांची खात्री. ताटाकडे बघून म्हणाली, "अठरा वर्षांची झाले आणि वाढदिवसाला सूपसुद्धा नाही. आई, सुपावर माणूस घसरत असता तर कोळ्यांची पोरं शाळाच शिकली नसती." तिचे बाबा खो खो हसले. मीही हसले, आणि उठून ओटा पुसायला लागले.

हो, ताई. सहावा अर्ज भरला. मी भरला.

तिने अभ्यासासाठी स्वतःचा फोन वसंतातच माझ्याकडे सोपवलाय. तो खणात असतो. कागदपत्रं, फोटो मीच चढवत होते, त्यामुळे पासवर्ड ठाऊक होता. पंधरा तारखेला ती क्लासला होती. साडेपाच वाजता मी संगणकासमोर बसले. फोनवर खात्रीचा आकडा आला, तो टाकला. इथलंच एक विद्यापीठ, नुसत्या शाळेच्या गुणांवर प्रवेश, मुलाखत नाही, काही नाही. विभाग सगळ्यात कमी गर्दीचा निवडला: अन्न आणि पोषण. सहाला दहा कमी असताना "अर्ज स्वीकारला" असं आलं. मग मी तो मेसेज पुसून टाकला. त्या दिवशी किती महिन्यांनी मला नीट जेवण गेलं.

तू तर माझ्याबरोबर होतीस तेव्हा. माझ्या परीक्षेच्या वर्षी विद्यापीठाच्या भिंतीवर यादी लागली होती आणि थंडीत आपण दोघी नंबर शोधत होतो. तू म्हणालीस, "परत बघ, वरून बघ." तीनदा बघितलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोन वर्षं मी घरात तोंड लपवून वावरले, पाहुणे आले की मागच्या खोलीत जायची. सोयुलच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच होतं मनात.

नंबर लागला तर तिला आधार होईल. नाही लागला तर कुणाला कळणारही नाही. तेव्हा बिघडलं कुठे? तूच सांग. नको, सांगू नकोस.

मिग्योंग


देगू,
सोमवार, २० नोव्हेंबर २०२३

ताई,

परीक्षा झाली. तुला दोन ओळींत कळवून मोकळी होणार होते, पण हात थांबत नाही.

गुरुवारी सकाळी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. डब्यात मऊ भात आणि मोड आलेल्या कडधान्याचं सूप. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि ते मला आवडलं. संध्याकाळी उत्तरं जाहीर झाली. तिने आपली उत्तरं चिठ्ठीवर उतरवून आणली होती. बाबा मोठ्याने वाचत होते, ती खुणा करत होती. एक विषय झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला बाबा उभं राहून वाचायला लागले. सगळ्या विषयांत मिळून चार चुका, ताई! चार! बाबा आनंदाने शेजाऱ्यांच्या चपला घालून खाली चिकट भाताचे लाडू आणायला धावले. 

आणि मी? मी रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने. अर्धं खरंच आनंदाने होतं.

मग शनिवारी ती आरामात आंघोळ करून, केस पुसत बाहेर आली. त्या दिवशी तिच्या पाचातल्या एका विद्यापीठाची मुलाखत होती. मी म्हटलं, "उशीर होईल, कपडे कर."

"मी जात नाहीये."

"म्हणजे?"

"अगं, मुलाखतीत पास झाले तर अडकेन ना. सप्टेंबरच्या अर्जांपैकी एका जरी ठिकाणी नाव लागलं, तर जानेवारीत कुठेच अर्ज करता येत नाही. जागा नाकारली तरी नाही. आता एवढे गुण पडल्यावर तिथे कशाला जाऊ? पाचही ठिकाणी मुलाखत आहे, पाचही ठिकाणी दांडी. मी मोकळी." आणि टॉवेल माझ्या डोक्यावर टाकून गाणं गुणगुणत आत गेली.

सहाव्याला मुलाखत नाही. दांडी मारायला जागाच नाही. मी स्वतः शोधून शोधून तसं निवडलं होतं.

तू मनात म्हणत असशील, नियम तर तुला पाठ होता, मिग्योंग. होता. पण नियम त्यांच्यासाठी असतो ज्यांना जानेवारीत संधी असते. माझ्या हिशेबात सोयुल त्यांच्यात नव्हतीच. हे लिहिताना माझाच हात मला परका वाटतोय.

काल डोंगर चढले. परीक्षा संपली तरी आयांची गर्दी होतीच, निकालासाठी. जुवॉनची आई, आमच्याच इमारतीतली, शेजारी वाकत होती. म्हणाली, "सोयुलची आई, आता तुम्हाला काय चिंता! तरी मागा, मनापासून मागितलं की मिळतंच." मी मनापासून मागितलं. माझी मुलगी नाकारली जाऊ दे. त्या एका ठिकाणी तिचं नाव लागू नये. शंभरेक आया तिथे होत्या, पण पोरीचं नाव यादीत नसावं म्हणून डोकं टेकवणारी मी एकटीच असणार.

तिला सांगावं हे कळतंय. रोज सकाळी ठरवते. मग ती उठते, नूडल्स खाते, बाबांशी कुठली दुर्बीण किती मोठी यावर वाद घालते. अठरा वर्षांत तिला इतकी हलकी मी पाहिली नाही. सांगत नाही मग.

फोनही आता तिच्याकडे आहे. जरा कुठे वाजला की माझ्या हातातलं भांडं पडतं. ती म्हणते, "आई, तुला झालंय काय? परीक्षा मी दिली की तू?"

मिग्योंग


देगू,
सोमवार, १८ डिसेंबर २०२३

ताई,

नाव लागलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी वर्षाची किमची घालत होतो. चाळीस कोबी, स्वयंपाकघरभर पातेली, दोघींचे हातमोजे मिरचीने लाल. तिचा फोन ओट्यावर वाजला. तिने हातमोजा दाताने ओढून काढला, वाचलं आणि हसली.

"आई, ऐक. फसवणूक करणारे पण काय हुशार झालेत! 'अन्न आणि पोषण विभागात आपली निवड झाल्याबद्दल अभिनंदन.' माझं नावसुद्धा बरोबर आहे. कुठून मिळतं यांना? थांब, काढूनच टाकते."

ताई, मी गप्प राहिले असते तर? तिने मेसेज पुसला असता. जानेवारीत अर्ज भरला असता, आणि तो अपात्र ठरला असता, तेव्हा मी इतरांबरोबर आश्चर्य दाखवलं असतं. एवढा विचार मी तिचा अंगठा खाली येईपर्यंतच्या वेळात केला. खोटं सांगत नाही, केला.

"पुसू नकोस," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोबीकडे पाहत सगळं सांगितलं. खण, आकडा, सहाला दहा कमी. संपल्यावर तिने विचारलं, "कोणत्या दिवशी?"

"पंधरा सप्टेंबर."

"अर्ज भरल्याचा दिवस नाही विचारत. मला जमणार नाही असं तुला कोणत्या दिवशी वाटलं?"

याचं उत्तर तुला देते. असा दिवस नव्हताच. त्या भिंतीसमोरून घरी आले तेव्हापासून माझ्या मनात ते होतं, आणि तेव्हा ही जन्मायचीही होती. तिचा अभ्यास, तिचे गुण, तिची चमक, यातलं काही मी पाहिलंच नाही. माझी जुनी यादीच वाचत राहिले.

तिने हातमोजा परत घातला आणि उरलेले सगळे कोबी भरले. एकेक पान नीट. तेवढा वेळ मी आयुष्यात कधी एका जागी बसले नव्हते.

संध्याकाळी बाबा आले. ऐकून घेतलं, ओल्या कचऱ्याची पिशवी उचलली आणि खाली गेले. ती पिशवी रिकामी होती. तासाभराने वर आले. आज सकाळी त्यांनी विद्यापीठात फोन केला. तिकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात तीनदा तेच सांगितलं: निवड रद्द होत नाही, जागा नाकारता येईल, पण यंदा दुसरीकडे अर्ज नाही. अर्ज आईने भरला होता, असं यांनी सांगायला तोंड उघडलं, तर सोयुलने हातातून फोन घेतला आणि "धन्यवाद" म्हणून ठेवून दिला. "पोलिसांत द्यायचंय का तिला?" एवढंच म्हणाली. गेल्या तीन दिवसांतलं माझ्याविषयीचं तिचं तेवढंच वाक्य.

ती जागा घेणार नाही. पुन्हा वर्षभर अभ्यास, पुन्हा नोव्हेंबर. आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा चारच चुका होतील असं कुणी सांगावं? परीक्षेला काही दयामाया नसते. जे तिच्या हातात आलं होतं ते मी काढून घेतलं. तिला आधार द्यायला गेले आणि पायाखालची पायरी काढली.

आता मुद्द्याचं. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे वर्ग फेब्रुवारीत सुरू होतात. तोवर महिनाभर तिला तुझ्या मठात राहून अभ्यास करायचाय. कुणाला विचारलं नाही, बाबांना सांगितलं आणि बॅग भरायला घेतली. दोन जानेवारीला पोचेल. तिला पहाटे उठवू नकोस, ती आपली आपण उठते. तिखट चालतं. माझ्याकडून काही खाऊ पाठवत नाही, ती घेणार नाही.

एक मागणं आहे. ती एखाद्या दिवशी तुला विचारेल, आईने असं का केलं. तू मऊ मनाची. म्हणशील, प्रेमापोटी केलं. ताई, पाया पडते, तसं सांगू नकोस. प्रेम म्हटलं की तिला मला माफ करावं लागेल, मनात असो वा नसो. भीतीपोटी केलं, म्हणून सांग. म्हणजे तिला हवे तितके दिवस माझ्यावर रागावता येईल.

घाई नाही. मी इथेच आहे.

मिग्योंग