माय सायकल ढकलत न्यायची त्याची गोष्ट

सर,

काल वर्गात एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, गाईडमध्ये लिहिलं आहे की या कथेतली सायकल म्हणजे वडिलांच्या विरहाचं प्रतीक. बरोबर आहे का?" कथा माझीच आहे. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवते आणि यंदा पहिल्या वर्षाच्या पुस्तकात माझी एक कथा लागली आहे, ती मलाच शिकवावी लागते. मी खडू खाली ठेवून म्हणाले, "चूक आहे. पण ही चूक सगळ्यात आधी मी केली होती." पोरं हसली. त्यांना वाटलं, मॅडम गंमत करून राहिल्या. आज सुट्टी आहे, घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही आमच्या गावच्या शाळेत मराठी शिकवत होता आणि मी दहावीत होते. त्या दिवाळीच्या आधी बाबा काविळीने गेले होते. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी त्यांच्यावर कविता लिहिली. तिच्यात बाबा आकाशातला तारा झाले होते, घरातला दिवा विझला होता आणि मायच्या डोळ्यांतून वैनगंगा वाहत होती. तुम्ही ती वर्गातच वाचली. लाल पेन्सिल काढली. आधी तारा गेला, मग दिवा, मग वैनगंगा. "हे कुठून आणलं गं? यात तुझा बाप कुठे आहे?" मी उभीच होते. मी म्हणाले, "तुमचे बाबा मेले असते तं तुमाले समजलं असतं." माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने डोळेच मिटले, आता मार बसणार म्हणून. तुम्ही पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणालात, "संध्याकाळी घरी ये. मायले सांगून ये."

तुमच्या घरी मी पहिल्यांदाच आले होते. स्वयंपाकघरात काकू चुलीपुढे बसल्या आहेत, तुम्ही खाली बसून लाखोळीची भाजी निवडताय, आणि माझ्यापुढेही एक जुडी सरकवताय. पुरुषमाणूस भाजी निवडतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. तुम्ही कवितेचं नावही काढलं नाही. "बाबाचं काय काय आहे अजून घरी?" असं विचारलंत. मी सांगितलं, दोन सदरे आहेत, सायकल आहे. बाबा त्या सायकलने राईस मिलमध्ये हमालीला जायचे. "सायकल कोण चालवते?" "कोणीच नाई. माय दर बाजाराच्या दिवशी अड्याळले नेते. ढकलत नेते, हवा भरते, ढकलत आणते. तिले चालवता येत नाई." तुमचे हात थांबले. आमच्या गावापासून अड्याळ दोन कोस. "काहून नेते?" "बाबाची आठवण येते म्हणून." "असं ती म्हणाली?" "म्हणायचं काय त्याच्यात? दिसतेच ना." तुम्ही आणखी काही विचारणार होता असं मला वाटलं, पण विचारलं नाही. तुम्हालाही ती सायकल दिसायला लागली होती.

मग आठ दिवस तुम्ही माझ्याकडून त्या सायकलीवर एक पान लिहून घेतलंत. आज मी जे काही लिहिते त्याचा निम्मा भाग त्या आठ दिवसांत आला. मी 'माय खूप दुःखी होती' असं लिहिलं की तुम्ही विचारायचात, "ते तुला दिसलं कुठे? जिथे दिसलं ते लिही." मी लिहिलं, माय पदराने सीट पुसते. "हं. आता दुःखी काढून टाक." रस्त्याचं वाक्य मी तीन शब्दांत उरकलं होतं. तुम्ही म्हणालात, "ती दोन कोस चालते आणि तू तीन शब्दांत पोचतेस? लांब कर. नहराचा काठ येऊ दे, उतार येऊ दे, तिची चप्पल येऊ दे. वाचणाऱ्याला दम लागू दे. हवा भरायचं वाक्य मात्र लहान ठेव." मी तसंच केलं, आणि ते वाचताना मला खरंच दम लागला. शब्दांच्या लांबीनेही काही सांगता येतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी मी एक वाक्य जोडलं, 'माय अजून बाबाची वाट पाहते.' ते एक तुम्ही तसंच राहू दिलंत.

स्नेहसंमेलनात ते पान वाचलं गेलं. टाळ्या पडल्या, बाया डोळे पुसत होत्या. माय त्या दिवशी कामावर होती. शेजारच्या मावशीने तिला सगळं सांगितलं. पुढच्या बाजाराला सायकल भिंतीलाच टेकून राहिली, त्याच्या पुढच्यालाही. मागचं चाक रिमवर बसलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गावाले समजलं ना आता, का मी मेलेल्या माणसाची वाट पाहून राहिली. मंग काहून नेऊ?" मी रडत तुमच्याकडे आले. तुम्ही शाळा सुटल्याबरोबर आमच्या घरी आलात. विहारासमोरचं आमचं घर, अंगणात बाज, तिच्यावर तुम्ही अवघडून बसलेले. "बाई, चूक माझी झाली. पोरीले तुमाले विचाराले लावाले पाहिजे होतं," तुम्ही म्हणालात. माय दाराच्या चौकटीत उभी होती. "मास्तर, तुमी शिकलेले. तुमचं लिवणं मले समजत नाई. सायकल नुसती ठेवली तं टायर सडते. पुढच्या साली पोरीले अड्याळले कॉलेजात जायचं आहे. एसटीचा भरोसा नाई. म्हणून हवा भरत होती."

सर, दहावीनंतर मी धानाच्या रोवण्याच्या कामाला जाणार हे मी धरूनच चालले होते. मामा लग्नाचं बोलून गेला होता. कॉलेजचं आमच्या घरात कोणी नावही काढलं नव्हतं. माय चार महिने दर आठवड्याला माझ्यासाठी चार कोस चालत होती आणि मी त्या चालण्याचा भलताच अर्थ लावून टाळ्या घेतल्या होत्या. मला तिच्याकडे पाहवेना. तुम्ही माझ्याकडे वळून एवढंच म्हणालात, "ऐकलं? शेवटचं वाक्य काढ." पुढच्या बाजाराला आम्ही दोघी मिळून सायकल नेली. मागची ट्यूब बदलली. येताना मी चालवत आले आणि माय मागून ओरडत होती, "पोट्टे, बाजूनं चाल, बाजूनं!" दोन वर्षं मी त्याच सायकलने कॉलेजला गेले. मायच्या उत्तरासकट त्या पानाची पुढे कथा झाली, तीच आता पुस्तकात आहे.

म्हणून काल त्या मुलीला मी न अडखळता सांगितलं. सायकल आधी सायकल असू दे. ती कोण नेतं, कशी नेतं, वाटेत काय लागतं, ते नीट पाहा. मग तिच्यातून विरह निघेल, मायची जिद्द निघेल, पोरीचं शिक्षण निघेल, आणि त्यातलं एकही दुसऱ्याला पुसून टाकणार नाही. "पण मॅडम, टायर सडू नये म्हणून सीट कशाला पुसायची?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं. मला इतका आनंद झाला! ते मी मायला कधीच विचारलं नाही आणि कथेतही सांगितलं नाही. माय सीट पुसते एवढंच लिहून ठेवलं आहे. "मग पेपरात काय लिहायचं?" त्या पहिल्या मुलीने विचारलं. म्हटलं, जे दिसलं ते लिही, मार्क मी देते.

आता एक सांगायचं आहे. माझ्या पुस्तकांवर कार्यक्रम होतात. ही साधी, कमी बोलणारी शैली कुठून आली, असं लोक विचारतात. मी दरवेळी वाचनाचं सांगते, झाडीबोलीचं सांगते, मायचंही सांगते. तुमचं एकदाही सांगितलं नाही. विसरले म्हणून नाही. ती लाल पेन्सिल माझीच होती असं लोकांना वाटावं, हे मला आवडत होतं. पुढच्या महिन्यात नागपूरला पुन्हा एक कार्यक्रम आहे. तिथे सांगेन असं लिहिणार होते, पण खात्री नाही, म्हणून लिहीत नाही.