टेलरसाहेबांनी शिवलेलं घर

देवणी, श्रावण, १९९४

तय्यबभाई यांस महादेवप्पाचा सलाम आणि शरणार्थ. शहजादीभाभींच्या गुडघ्याची सूज उतरली का, ते कळवावे. (बिब्बा लावू देऊ नका, मागच्या वेळी फोड आले होते.) इकडे गुरुकृपेने सगळे जिवंत आहोत. भूकंपानंतर खुशालीत याहून जास्त लिहायची सवय गेली.

पत्रास कारण एक इंग्रज. भिंतींना भेगा पडल्यापासून आई अंगणात पत्र्याखाली झोपते. आता पाऊस, तिचा खोकला थांबत नाही; पण ती म्हणते, "आधी तू आत नीज, मग मी येते." म्हणून घरं दुरुस्त करून देणाऱ्या परदेशी मंडळींकडे नाव दिलं. त्यांनी इंजिनिअर पाठवला. माणूस भला, उन्हाने लालबुंद, आईच्या ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी 'और' म्हणणारा. नाव विचारलं तर म्हणाला, टेलर. मी धंदा विचारला नव्हता.

तुमचा शिवणकामाचा धंदा मी तीस वर्षं बघतोय, म्हणून लक्ष ठेवलं. गळ्यात टेप. कानामागे पेन्सिल. आल्याबरोबर घराची मापं घेतली, तीसुद्धा दोनदा. भिंतीवर खडूने खुणा. मग भिंतीत आरपार अकरा भोकं पाडली (गिऱ्हाइकाच्या कापडाला एक पडलं तरी तुम्ही कारागिराला हाकलता), त्यांत सळया घालून सिमेंट भरलं आणि दुभाष्याकरवी सांगितलं की हे भिंतीला टाके आहेत. शेवटी दारांच्या वरून घराला सगळीकडून सिमेंटचा पट्टा बांधला. कशाला, तर म्हणे घर सुटू नये म्हणून. पायजम्याच्या नाडीबद्दल तुम्ही हेच सांगता.

मी सिंधूला लातूरला पत्र टाकलं. (पोरगी बारावीला आहे. पहाटे पाचला फिजिक्सचा क्लास, संध्याकाळी इंग्रजीचा. जेवते कधी ते क्लासवाल्यांना ठाऊक.) तिने इंग्रजीच्या सरांना विचारून कळवलं की, अप्पा, आपल्याकडच्या सुतार-कुंभारांसारखी तिकडेही धंद्यावरून आडनावं पडली. टेलर म्हणजे शिंपीच. मूळ शब्द फ्रान्समधून आला, त्याचा अर्थ कापणारा. सात-आठशे वर्षांचं जुनं आडनाव आहे, काळजी करू नका. सात-आठशे वर्षं पिढीजात शिंपी, आणि काळजी करू नका!

आईला सांगितलं, तर ती खूश. "शिंपी हाय तर बरंच की रं! तुज्या गवंड्यानं कवा नाप घेतलं होतं? ह्यानं दोनदा घेतलं."

शिंप्याच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडतो, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. निरोप देताना मी साहेबाचा हात हातात घेऊन अंगठा चाचपला. घट्टा नाही. पण इंग्लंडात मशीनने कापत असतील.

आपला
महादेवप्पा

ता. क. शुक्रवारी तुमचं दुकान बंद असतं. मुखेडहून एस.टी. धरून या आणि टाके पक्के आहेत का, तुमच्या नजरेने बघा.

आणखी ता. क. पाकिटावर पत्ता घालताना हात थांबला. 'तय्यब अत्तार, मुखेड.' तीस वर्षांत तुमच्याकडे अत्तराची एक कुपी पाहिली नाही. तुमच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येतो. तेव्हा टाके बघू नका. नुसते या. उंबरा मला एकट्याला ओलांडवत नाही. दोघं आत बसू, चहा आतच घेऊ. आई अंगणातून बघत असते.