सूर फुकटचा नव्हता

ता. ९ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. बाबा बरे आहेत. औषध घेतात, जेवतात. हाताची थरथर वाढली आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला.

वहिनीला तू सांगितलंस, "तिच्या गाण्यानेच चॅनल बुडालं." संगीत मी निवडलं, हे खरंच. पण बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या व्हिडिओंखाली ते वाजवायची परवानगी होती. जाहिरातीत नव्हती. रॉयल्टी-फ्री, म्हणजे दर वेळी मानधन द्यावं लागत नाही, पण कुठेही, कसंही वापरा असं नसतं, हे मी तुला परवान्याची ओळ दाखवून सांगितलं होतं. तू म्हणालास, "वकिलीणबाई, एवढं बारीक कोण वाचतं?" आणि दुरुस्तीची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीसाठी तेच संगीत लावून तीन जाहिराती आपल्याच चॅनलवर टाकल्यास.

मी वाचते. उघडलेल्या घड्याळाचे स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडायचे, हे बाबांनी शाळेच्याही आधी शिकवलं. तुलाही शिकवलं होतं. तू ते खिशात टाकायचास.

संगीतकार बाईंचं पहिलं पत्र आलं ते मी लगेच तुला पाठवलं. सात दिवसांत जाहिराती काढा, एवढंच मागणं होतं. तुझं उत्तर होतं, "घाबरवतात गं, झोप." मग त्यांनी मला विचारलं, जाहिरातीचा परवाना घेतला आहे का? मी लिहिलं, नाही. हे तुला सांगितलं नव्हतं. आता हवं तर फितूर म्हण.

तीन जाहिराती, तीन तक्रारी, आणि तीन तक्रारी झाल्या की नियमाने चॅनल बंद. बाबांचे एकशे बारा धडे गेले. मूळ चित्रण साठवायला जागा पुरत नाही म्हणून तू आधीच पुसलं होतंस, तेव्हाही मला विचारलं नाहीस. ते हात आता तसे चालणार नाहीत, दादा. रोज दुपारी बाबा विचारतात, "माझं लंबकाचं लाव ना." मी नेट बंद आहे म्हणते. मी, खोटं!

आणखी एक आहे. तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा लिहिते. चॅनलचा पासवर्ड माझ्याकडेही होता. सातव्या दिवशी सकाळी मी ते पान उघडून बसले होते. तीन वेळा बोट टेकवलं असतं तर सगळं वाचलं असतं. तुझ्या कामात हात घालू नये, असं स्वतःला सांगितलं. ते कारण नव्हतं. एकदा तरी तू तोंडावर पडावंस, असं मला वाटत होतं. पडले बाबा.

बाई तक्रारी मागे घ्यायला तयार आहेत. चूक कबूल असल्याचं पत्र त्यांना गुरुवारपर्यंत हवं आहे. त्यानंतर चॅनल परत मिळणार नाही. मसुदा सोबत आहे. शब्द बदलू नकोस. नाही पाठवलंस तर शुक्रवारी बाबांना सगळं सांगेन, तुझंही आणि माझंही.

मसुद्याखाली दोन सह्यांची जागा आहे. माझी केली आहे.

तुझी धाकटी