लिंबूटिंबूचे मृत्युपत्र

दिनांक १९ सप्टेंबर, शुक्रवार.

आधी माफी मागते. गेले तीन आठवडे मी माझ्या धाकट्या भावाचे फोन उचललेले नाहीत. नवऱ्याशी 'दूध आणलंस का' आणि 'गॅस बंद केलास का' यापलीकडे फारसे बोललेले नाही. आमच्या मित्राचे चष्म्याचे दुकान आले की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जाते. मृत्युपत्राची सुरुवात माफीने करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण हे मौन कुठेतरी मोडायला हवे, आणि मला बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शेहेचाळीस, वजनमाप खात्यात निरीक्षक, हे पत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. चित्त स्थिर असल्याचे इथे नमूद करावे लागते. बुद्धी शाबूत आहे, एवढे मी खात्रीने लिहू शकते. चित्त अजून धक्क्यातून सावरलेले नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट गेली पाच वर्षे माझ्यावर कसलेच दडपण येऊ नये याची सगळ्यांनी काळजी घेतली, आणि तक्रार तीच आहे.

आत्ताच लिहायचे कारण असे की पुढच्या महिन्यात माझी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. पाच वर्षांपूर्वी दुरुस्त केलेली झडप आता बदलायची आहे.

कलम १. घर. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा नवऱ्याला. अट काही नाही. न्हाणीघराच्या दाराची कडी बसवायला माणूस बोलवावा. स्वतः बसवू नये.

कलम २. बचत. बँकेतल्या ठेवी निम्म्या नवऱ्याला, निम्म्या भावाला. भावावर राग असला तरी हे असेच राहील. रागाची व्यवस्था कलम ४ मध्ये वेगळी केली आहे.

कलम ३. हत्यारे. खात्याने बाद केल्यावर मी विकत घेतलेला पितळी वजनांचा संच आणि छोटा तराजू भावाला द्यावा. त्याने ती वजने अधूनमधून नुसती हातात धरावीत. खरे वजन कसे लागते ते तळहाताला कळते, आणि एकदा कळले की विसरत नाही.

कलम ४. राग. हे कलम लांबणार आहे.

आम्ही चौघे दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती पात्रांचा खेळ खेळतो. उद्या हा कागद एखाद्या अनोळखी माणसापुढे आला तर त्याच्यासाठी सांगते. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपण म्हणायचे, 'मी उडी मारते.' उडी साधली की फसली, ते फासा ठरवतो. भाऊ सूत्रधार असतो. नवरा एका भित्र्या वैद्याचे पात्र घेतो. चष्मेवाला एकडोळ्या तिरंदाज होतो. त्याच्या मते ही दुकानाची जाहिरात आहे. मी बारा वर्षे एकच पात्र खेळते आहे, एक नावाडीण. आमच्या जुन्या नियमांत सूत्रधार पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासे टाकतो आणि पडलेले दान तोंडाने सांगतो.

जुलैमध्ये मी नव्या नियमांचे पुस्तक आणले. जुने पुस्तक उशीएवढे जाड, हे चाळीस पानांचे. यात पडदाच नाही. फासे टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात. फासा टाकण्याआधी खेळाडूने मोठ्याने सांगायचे की पणाला काय लावले आहे. सांगितले नाही तर फासा हातातच ठेवायचा. आणखी एक सुंदर नियम आहे. प्रत्येक पात्राला जन्मात एकदा आपले दान दुसऱ्याला देता येते. 'दान' या शब्दाचे दोन्ही अर्थ एका वाक्यात वापरणारी नियमावली मी प्रथमच पाहिली.

मला वाटले होते, तिघे उड्या मारतील. तिघांनी विरोध केला, आणि तोही असा की जणू मी घर विकायला काढले आहे.

"पडदा गेला तर मी कशाला हवा?" भाऊ म्हणाला. "फासे मोजायला एक कारकून बसवा."

"कारकून खोटं बोलत नाही."

"म्हणूनच त्याच्याकडे गोष्ट ऐकायला कोणी जात नाही, ताई."

मुद्दा चांगला होता. तो मी तेव्हाही मान्य केला होता आणि इथेही नोंदवते.

चष्मेवाल्याने दुकानातला दाखला दिला. "वहिनी, गिऱ्हाईक तक्ता वाचत असतं. खालची ओळ दिसत नसते. मी लगेच म्हणतो का, तुम्हाला दिसत नाही म्हणून? मी म्हणतो, छान, आता ही काच लावून बघू."

"पण नंबर खरा देता ना?"

"नंबर तर खराच देतो."

"मग?"

यावर तो स्वतःच्या चष्म्याच्या काचा पुसत बसला.

नवऱ्याचे म्हणणे सरळ होते. "बरं चाललंय ना? मग सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा?"

असे कितीतरी रविवार गेले. मी नेटाने बाजू लावून धरली. पडदा नसेल तर खेळ झपझप चालेल. पडलेल्या दानावरून कुरबुर होणार नाही. पणाला काय लागले आहे ते आधीच बोलले गेले की रडीचा डाव उरणार नाही. शेवटी ऑगस्ट संपता संपता मी हुकमाचे पान टाकले.

"उघड्या फाशांना घाबरायचं काय? माझ्याकडे बघा. दरीवरचा दोरांचा पूल, पाण्याखाली गेलेलं तळघर, तो सुसरींचा डोह. बारा वर्षांत तुमची किती पात्रं मेली, आठवतंय का? नावाडीण अजून आहे. डोकं चालवलं की दान पडतं."

नवरा उठला आणि बंदच असलेली खिडकी पुन्हा बंद करून आला. चष्मेवाला भावाकडे बघू लागला.

"ताई, बस जरा," भाऊ म्हणाला.

"बसलेलीच आहे."

"तू लिंबूटिंबू आहेस."

आधी मला ते चिडवणेच वाटले. लहानपणी सगळ्यांत छोट्या मुलाला असे खेळात घेतात. तेही धावते, ओरडते, लपते, पण त्याला कोणी बाद करत नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत असते, फक्त त्याला माहीत नसते.

मग त्याने सांगितले. पाच वर्षांपूर्वी, शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी, नावाडीण भोवऱ्यात सापडली होती. शेवटच्या श्वासाचा फासा टाकायचा राहिला होता. वीस पैलूंच्या फाशावर दहाच्या वर पडले तर ती जगणार होती. उशीर झाला म्हणून आम्ही डाव तिथेच थांबवला. मंगळवारी माझी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर मी दोन दिवस झोपून होते, ते औषधाच्या गुंगीमुळे, असे मला सांगण्यात आले होते. ती गुंगी नव्हती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हृदय लवकर सुरूच झाले नव्हते, आणि मी शुद्धीवर येईन की नाही हे ते दोन दिवस कोणालाच सांगता येत नव्हते. हे तिघे बाहेरच्या बाकावर बसून होते. तिथेच त्यांचे ठरले.

"काय ठरलं?" मी विचारले.

"की तुला मरू द्यायचं नाही," नवरा म्हणाला.

"मला, की नावाडीणीला?"

"त्या बाकावर एवढा फरक कोणाला कळत नव्हता."

मी घरी आले, टेबलाशी बसण्याइतकी बरी झाले, तेव्हा भावाने पडद्याआड फासा टाकला आणि 'वाचली' म्हणाला. मला तो रविवार नीट आठवतो. मला रडू आले होते.

"काय पडलं होतं?"

आठवायला त्याला क्षणही लागला नाही. "तीन."

मी म्हणाले, "म्हणजे पाच वर्षं तुम्ही एका मेलेल्या बाईला घेऊन खेळत होता."

"मेलेली कुठली, वहिनी," चष्मेवाला म्हणाला, "सगळ्यांत जास्त तीच बोलायची."

कोणी हसले नाही. मी उठून आतल्या खोलीत गेले, आणि माझे मौन तेव्हापासूनचे.

माझा राग नेमका कशाचा आहे, हे मी या तीन आठवड्यांत पुष्कळदा तपासले. माझे सगळे आयुष्य दुकानदारांचे काटे तपासण्यात गेले. आमच्या टेबलावरचे फासेसुद्धा मी मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिले होते, एखादा पैलू जड तर नाही ना म्हणून. फासे अगदी खरे निघाले. काटा मारला जात होता तो माझ्याच घरात, माझ्याच बाजूने, आणि मला त्याचा वासही आला नाही. शिवाय दोन वर्षांपूर्वी ठोक बाजारात एका दांडग्या आडत्याने मला गोदामात अडवून धमकावले होते. मी त्याच्या तोंडावर त्याची वजने जप्त केली. तेव्हा मनात काय होते ते कोणाला सांगितले नव्हते, आज लिहिते. नावाडीण यातून सुटली असती, म्हणून मीही सुटेन, असे मनात होते. ज्या धैर्यावर मी उभी होते, ते भावाने पुठ्ठ्याआड रचलेले होते. हे आठवले की अजून पायाखालची फरशी हलते.

दुसरी बाजूही लिहायला हवी. या मंगळवारी नवरा माझ्याकडे पाठ करून भांडी पुसता पुसता म्हणाला, "ती वाचली त्या दिवशी तू घरी आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलीस. तीन पडलं असं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि मला माहीत करून घ्यायचंही नव्हतं." हे वजन कोणत्या पारड्यात टाकावे, ते मला अजून ठरवता आलेले नाही. त्यांनी त्या रविवारी खरे सांगायला हवे होते का? त्या रविवारी बहुधा नाही. पण पुढच्या सगळ्या रविवारी हवे होते, एवढे मी ठामपणे म्हणते.

बुधवारी शल्यविशारदांकडे गेलो होतो. ते नेहमीसारखे 'काळजीचं कारण नाही' म्हणू लागले. मी म्हटले, "डॉक्टर, मला आकडा सांगा." नवरा जमिनीकडे बघत राहिला, पण त्याने मला अडवले नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमची ही दुसरी वेळ आहे. अशा विसांतले दोघं परत येत नाहीत."

म्हणजे वीस पैलूंच्या फाशावर एक किंवा दोन.

जिना उतरताना नवऱ्याने विचारले, "झालं समाधान?"

"नाही. भीती वाटली. पण काय पणाला लागलंय ते आता मला माहीत आहे."

त्याने माझी पिशवी घेतली. राग होता तेवढाच आहे, पण त्याची धार बुधवारपासून बोथट झाली आहे. उरलेल्याची व्यवस्था अशी: तो कोणालाही वारसाहक्काने देऊ नये.

कलम ५. नावाडीणीची मिळकत. भावाने निरोप पाठवला आहे: 'ताई, तुझेच नवे नियम. मी माझं दान नावाडीणीला देतो. ती जिवंत.' त्याचा हेतू मला कळतो, पण तो नियमात बसत नाही. सूत्रधाराला स्वतःचे पात्र नसते, त्यामुळे द्यायला दानही नसते. शिवाय नवा नियम मागच्या तारखेपासून लागू होत नाही. तीन म्हणजे तीन. नावाडीण भोवऱ्यातच गेली, आणि तिने मृत्युपत्र केले नव्हते, म्हणून तिच्या वतीने मी करते. तिची होडी तिरंदाजाला. तिचा कंदील वैद्याला, त्याला अंधाराची भीती वाटते म्हणून. त्यानंतरच्या पाच वर्षांतले पराक्रम तिचे नाहीत; ते ज्याचे त्याने वाटून घ्यावेत. सुसरींचा डोह मात्र भावाच्या नावे लिहावा. तो एकट्यानेच मला त्यातून पार नेत होता, हे आता मला कळते आहे.

कलम ६. पडदा. हा पडदा मीच केला आहे, जुन्या नकाशांचे पुठ्ठे जोडून. ते आठवले तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. आधी तो जाळावा असे लिहिणार होते. आता असे लिहिते: शस्त्रक्रियेच्या दिवशी तिघांनी तो बरोबर न्यावा. मी बेशुद्ध असेन तोवर बाहेरच्या बाकावर त्याच्याआड काय बोलायचे, ठरवायचे, रडायचे ते खुशाल करावे. मी डोळे उघडले की पडदा खाली ठेवावा, आणि काय दान पडले ते मला त्याच दिवशी सांगावे.

कलम ७. नियम. मृत्युपत्राने मत विकत घेता येत नाही. जुने नियम की नवे, ते बहुमताने ठरवावे. माझे एक मत नव्यांना, मी असले तरी आणि नसले तरी. मी परत आले नाही तर माझी खुर्ची रिकामी ठेवून तिच्याकडे बघत बसू नये, तिथे कोणीतरी चांगले भांडणारे माणूस बसवावे. परत आले तर मी नवे पात्र घेईन, आणि त्याचा पहिला फासा टेबलाच्या मधोमध टाकेन. एक पडला तर एक.

साक्षीदारांविषयी. ज्याला मिळकतीतून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून चष्मेवाल्याला जाणूनबुजून काही ठेवलेले नाही. त्याने मनाला लावून घेऊ नये. कलम ५ मधली होडी मिळकत समजू नये. ती लाकडाची नाही आणि पुठ्ठ्याचीही नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले. दोन ठिकाणी आवाज चढला आहे, तो तसाच राहू दिला आहे.

लिहून ठेवणारी: (सही)
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल

साक्षीदार १: (सही) खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. माझी सही त्यांच्यासमोर झाली. स्वतःची करताना म्हणाले, "दाढ काढताना हात असा थरथरत नाही हो."

साक्षीदार २: (जागा कोरी)

उद्या: रस्ता न ओलांडता चष्म्याच्या दुकानात जाऊन सही घेणे.