तापल्या चाकांना पाणी

प्रिय आण्णा,

तुला जाऊन आठ महिने झाले. जिवंत होतास तेव्हा तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज हा तुझा चौथी शिकलेला धाकटा भाऊ वही घेऊन बसलाय. काय करू? आपल्या पिकपचं दुखणं काल सापडलं. ते आधी तुलाच सांगायला हवं, कारण त्याचं खापर मी तुझ्या डोक्यावर फोडलं होतं.

पन्हाळ्यापलीकडच्या गुऱ्हाळांतून गुळाच्या ढेपा भरून आपण घाट उतरायचो. तू ब्रेक दाबलास की स्टीअरिंग थडथड हलायचं, अख्खी गाडी थरथरायची. पाय काढला की गप्प. "म्हादू, चाकात काय तर बिघडलंय बघ," तू दर खेपेला म्हणायचास. मी हसण्यावारी न्यायचो. लढाईत वापरून लष्करानं विकलेली गाडी ती, तिला काय धाड भरलीय!

मग शाहूपुरीच्या गूळबाजारातला तो दिवस. सौद्याला गाडी लावताना तू ब्रेक दाबलास आणि ती अशी थरथरली, की वरची एक ढेप घसरून फुटली. व्यापारी, हमाल, सगळे बघायला लागले. मला लाज वाटली आणि जीभ सुटली. "गाडीला काय झालं न्हाय! म्हातारा झालास तू, हात कापत्यात तुझं!"

एवढ्या माणसांत बोललो, आण्णा. तू समोरच्या हॉटेलातून काठोकाठ भरलेला चहाचा कप आणलास आणि माझ्यापुढे धरून उभा राहिलास. एक थेंब सांडला नाही. मी ते बघितलं, आणि तोंड फिरवलं. शिव्या का घातल्या नाहीस रे मला? एक कानाखाली वाजवायची होतीस! थोरला होतास की!

त्याच संध्याकाळी तू किल्ली माझ्या हातात दिलीस. आता खरी गोष्ट सांगतो, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. पहिल्याच उतारावर गाडी माझ्याही हातात तशीच थरथरली. तशीच! घरी आलो तर तू दारातच उभा. "कशी चालली?" म्हणालास. मी म्हणालो, "एकदम झ्याक." तू आपल्या हातांकडे बघितलंस आणि आत गेलास.

तुला नात झाली तेव्हा तू तिला उचलून घेतलं नाहीस. "मांडीवर ठेवा, हातात नगं," म्हणालास. ते ऐकूनही मी गप्प बसलो. आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहिलो. मग तुला ताप भरला आणि आठ दिवसांत तू गेलास. इतकी कसली घाई होती रे तुला?

परवा उतारावर एक बैलगाडी आडवी आली, तेव्हा स्टीअरिंग हातातून सुटता सुटता राहिलं. काल मुकाट्यानं गाडी उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीकडे नेली. तो शेजारी बसला आणि सपाटीला चालत्या गाडीत मला नुसता हँडब्रेक ओढायला लावला. गाडी थरथरली नाही. "ह्यो ब्रेक मागल्या चाकांचा, ती ब्येस हाईत. रोग फुडं हाय," म्हणाला. पुढचं चाक उचलून त्यानं हातानं फिरवलं. अर्धा फेरा मोकळं, मग एका जागी अडायचं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच. चाक खोलून ब्रेकचा ड्रम दाखवला. आत निळे डाग पडलेले.

"ह्यो गोल ऱ्हायलाच न्हाय," तो म्हणाला. "पावणं, तापली गाडी पाण्यात घालताय व्हय?"

आण्णा, ते काम माझंच. उतार संपला की तू चहाला थांबायचास, आणि मी गाडी ओढ्यात घालायचो. आपली सगळी हयात बैलगाडीवर गेलेली. उन्हाळ्यात लाकडी चाक ओढ्यात भिजवलं की फुगतं, लोखंडी धाव घट्ट बसते, हे बाबांनी शिकवलेलं. मला वाटायचं, हीही चाकं दमली असतील, पाजावं पाणी. लोखंड तापलेलं असताना गार पाण्यात घातलं की वाकडं होतं, हे मला कुठं ठाऊक? तू माझ्या चुकीवर ब्रेक दाबत होतास, आणि वर बोलणीही तूच खाल्लीस.

मिस्त्रीनं पुढचे दोन्ही ड्रम लेथवर चढवून आतून पुन्हा गोल केले. आज सकाळी भरली गाडी घेऊन तोच घाट उतरलो. दाबून ब्रेक मारला. स्टीअरिंग जागचं हललं नाही. ओढ्याशी गाडी थांबवली, काठावरच, आणि पोटभर रडलो.

घरी येऊन वैनीच्या पायावर डोकं ठेवलं. सगळं सांगितलं. ती गोधडी शिवत होती. म्हणाली, "त्येंचं हात कापत न्हवतं, मला म्हाईत हुतं, भावजी. आजारी पडंस्तवर सुईत दोरा त्येच ओवून द्यायचं मला."

"मग बोलला का न्हाईसा, वैनी?"

"तुमी इचारलं कवा?"



आता वचन देतो, आण्णा. येत्या सौद्याला गाडी त्याच जागी लावीन. समोरच्या हॉटेलातून कप काठोकाठ भरून आणीन, तो हातात धरून त्याच माणसांसमोर उभा राहीन आणि सांगेन, की गाडी मी बिघडवली आणि बोल आण्णाला लावला. चहा सांडला तर सांडू दे. हात कुणाचे कापतात ते सगळ्यांना दिसू दे.

तुझा,
म्हादू