लटारूभाऊंचं अर्धं छप्पर

६ एप्रिल २०२५

— सडा टाकून झाला होता. रात्रीच्या भाताला फोडणी दिली होती. भांडी मागे सांदवाडीत नेली, राख हातात घेतली, तेवढ्यात हे दारातून म्हणाले, "चाल ना वं, ऊन चढून राह्यलं." मी म्हटलं, "तुमी व्हा पुढं. दोन गंज घासतो न् आलीच." दोन गंज घासले. पदराला हात पुसले. समोर लटारूभाऊंचं घर, गल्ली ओलांडायला आठ पावलं. एवढीच ती सकाळ. येत्या तीन मेला दोन वर्षं होतील, आणि माझ्याजवळ त्या सकाळची भांडीच जास्त उरली आहेत!

आज हे वर आलं ते एका कागदामुळे. नगर परिषदेचं पत्र. गडपेठच्या जुन्या तटाच्या, परकोटाच्या आत कोणाला घराचं तोंड बदलायचं असेल — दार, खिडकी, छप्पर, रंग — त्याला आता जुनी वस्ती समितीला विचारावं लागेल. समितीत सात माणसं. त्यातली एक परकोटात राहणारी बाई हवी. वाचनालय चालवणाऱ्या गुणवंतराव गुरुजींनी, तेही समितीत आहेत, माझं नाव दिलं. "वाचनालयातली अर्धी कपाटं या बाईंनी वाचली आहेत," असं सांगितलं म्हणे. खोटं! दोनच कपाटं. अक्षरं मी स्वातीच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकले, ती झोपली की.

स्वातीचा गडचिरोलीहून फोन. "आई, तू कमिटीत! आता साहेबासारखी सही करशील का?"
"सही त आधीच करतो. आता वाचून करीन."

९ एप्रिल

पहिली बैठक. दुकानाच्या काचेवरून तासभर भांडण. मग दुसरी फाइल उघडली. अर्जदार — लटारू मेश्राम, किल्ला गल्ली. छपराचे मातीचे कवेलू काढून लोखंडी पत्रे टाकण्याची परवानगी. अर्ज त्यांच्या मुलाच्या, कुलदीपच्या अक्षरात.

सोबत फोटो होता. डावीकडचं छप्पर एकसारखं, कवेलूच्या ओळी सरळ. उजवीकडचं वाकडंतिकडं, वर प्लास्टिकची निळी पन्नी, पन्नीवर दगड. सगळ्यांनी घर पाहिलं. मी डावी बाजू पाहिली. ती यांच्या हातची आहे.

छप्पर फेरणं हाच आमचा धंदा होता. पावसाळ्याआधी छप्पर उघडायचं, फुटके कवेलू काढायचे, कवेलूखालच्या कुजक्या लाकडी फाट्यांच्या जागी नवे टाकायचे, परत झाकायचं. हे वर, मी खाली. खालच्या माणसानं प्रत्येक कवेलू बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. टण वाजला तर चांगला. ठस वाजला तर चिरलेला — बाजूला. अठ्ठावीस वर्षं मी वाजवले. त्या दिवशी साडेनऊपर्यंत डावी बाजू झाकून झाली होती. हे उजवीकडे वळले आणि पायाखालचा फाटा मोडला.

गुरुजी बोलले — "या गल्लीत कवेलूची चार घरं उरली आहेत. हे गेलं की किल्ल्याच्या दरवाज्यातून दिसणारी ओळ संपली." तीन हात ठेवण्याच्या बाजूचे, तीन काढण्याच्या. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी म्हटलं, घर बघून सांगते.

१० एप्रिल

रात्रभर डोळा नाही. सकाळी वांदरांची टोळी गल्लीभर नाचून गेली. माझ्या पत्र्यावर धडधड, समोर लटारूभाऊंच्या छपरावर खडखड. बाहेर धावले. उजवीकडचे दोन फुटले. डावीकडे एकही नाही. का कोण जाणे, बरं वाटलं.

१३ एप्रिल

कुलदीप आला. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसला.
"काकू, तुमी त हो म्हनसान ना?"
"काऊन?"
"काऊन म्हंजे? काका त्याच छपरावरून..." आणि थांबला. मग म्हणाला, "फेरनारा भेटत नाई. मुलचेऱ्याकडून एक मानूस आनला होता. कोनाचं काम अर्धं हाय, विचारलं. आमी सांगतलं. हात जोडून वापस गेला."
मला राग आला. दोन वर्षांचा साचलेला, त्या पोरावर निघाला. "तुमाले घराची काळजी असती त दोन वर्षं पन्नी टाकून बसले नसते. आळस नडला न् आता पत्रे पाहिजेत!"
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"जाऊ द्या, काकू."
चहा न घेता गेला. त्याच्या वाटचा मीच प्याले. कडू लागला.

१७ एप्रिल

स्वस्थ बसवत नाही. एकच गंज दोनदा घासला. वाचनालयातून जुन्या बांधकामावरचं पुस्तक आणलं, पान पुढे सरकत नाही. काय बोलायचं ते एका कागदावर लिहिलं — कवेलूखाली घर थंड राहतं, इथल्याच मातीचा, फुटला तर एकच बदलता येतो, पत्रा मे महिन्यात भट्टी होतो. सगळं खरं आहे. पत्र्याखालीच तर राहते मी! यांना स्वतःच्या घरावर कवेलू टाकायला सवडच झाली नाही. लोकांचीच छपरं फेरत राहिले.

घर बघून सांगते म्हटलं होतं. रोज बघते. दारात उभी राहते आणि बघते.

२१ एप्रिल

बोलले. कागद न बघता बोलले. हात वर केला — ठेवा. चार विरुद्ध तीन. टाळ्या कोणी वाजवत नाही तिथे, पण गुरुजींनी चहाचा कप आधी माझ्याकडे सरकवला. दोन मेला मुख्याधिकारी साहेब सही करतील, मग अर्ज नामंजूर.

येताना पाय हलके होते. किती दिवसांनी!

२२ एप्रिल

कुलदीपनं गाडी माझ्या दारासमोरून नेली. मान वळवली नाही.
लटारूभाऊ बाहेर बाजेवर बसले होते. नेहमीसारखंच विचारलं — "जेवल्या का, वहिनी?"
हो म्हटलं. जेवले नव्हते.

२३ एप्रिल

काही नाही. ऊन.

२६ एप्रिल

दुपारी तीनला आभाळ अंधारलं, वारा सुटला, मग गारा. बोराएवढ्या. समोरची निळी पन्नी सुटली आणि पार किल्ल्याच्या दरवाज्याकडे उडाली. लटारूभाऊ एकटेच तिच्यामागे धावायला निघालेले दिसले. सत्तर वर्षांचा माणूस! मी डोक्यावर पोतं घेऊन गल्ली ओलांडली, त्यांना हाताला धरून घरात ओढलं.

दोन वर्षांत मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. तीन मेनंतर एकदाही नाही. तेच माझ्याकडे यायचे.

आत गेले आणि उभीच राहिले. उजवी बाजू मोकळी. जमिनीवर गंज, घमेलं, बादली, सगळ्यांत पाणी पडतंय. आणि डाव्या बाजूला सगळा संसार — चूल, धानाची कोठी, देव, कुलदीपची खाट, बुधरीबाईची खाट. लटारूभाऊंची ही बायको कंबर मोडल्यापासून पडूनच आहे. पडल्या पडल्या हसून, यांचं नाव घेऊन म्हणाली, "या बाई. आमी सगळे देवाजीभाऊच्या हाताखाली निजतो."

मी वर पाहिलं. बाहेरून सरळ दिसणाऱ्या त्या ओळी आतून पोटासारख्या खाली आलेल्या. डाव्या-उजव्याच्या सांध्यावर, त्या दिवशी मोडलेल्या फाट्याला तार बांधलेली. शेजारचे दोन वाळवीनं पोकळ. मधल्या आडव्या लाकडाला बांबूचे तीन टेकू, त्यातला एक खाटेच्या पायाला चिकटून. टेकू वाऱ्यानं करकरत होते. त्या सगळ्याखाली ती बाई — उठता न येणारी.

"भाऊ, हे असं होईपर्यंत उजवी बाजू कोनाकडून फेरून काऊन नाई घेतली?"
लटारूभाऊंनी बादली धारेखाली सरकवली. बुधरीबाईच बोलली. "कसं घ्यावं, बाई? ज्यानं छप्पर उघडलं त्यानंच झाकावं. तो नाई राह्यला त त्याच्या बाईनं वर हात लावून द्यावा, मंग दुसरा चढते. तुमी कधी याल, वाट पाहून राह्यलो."
"मले सांगाचं ना!"
"तुमाले कोन्या तोंडानं सांगाचं? आमच्याच घरावरून त पडला तुमचा मानूस."
"न् पत्रे?"
"पोरगा म्हने, सगळंच काढू. मंग अर्धं फेरलं होतं हा सवालच राह्यत नाई. काकूले विचाराची पाळी येत नाई."

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. आम्हा छप्पर फेरणाऱ्यांचीच रीत! सासऱ्यांनी सांगितली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सावलीकडच्या एका बाईला शिडीवर चढताना मी स्वतः पाहिलं होतं, तिचा नवरा तापानं गेला होता. छपरावर तळवा टेकवून ती उतरली आणि मग आम्ही काम सुरू केलं. सगळं माहीत होतं. पण आता ती बाई मी आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हे घर माझ्यासाठी थांबलं होतं आणि मी समोरच्या दारात उभी राहून त्यांना आळशी म्हणत होते!

पाऊस थांबेपर्यंत घमेली उपसली. लटारूभाऊ म्हणाले, "राहू द्या, वहिनी." राहू दिलं नाही.

२७ एप्रिल

चार कागद फाडले. पाचवा ठेवला. इथे उतरवून ठेवते —

"मा. मुख्याधिकारी साहेब. लटारू मेश्राम यांच्या छपराबद्दल मी २१ तारखेला मत दिलं. घर बघून सांगते म्हटलं होतं. मी छप्पर बाहेरून पाहिलं होतं, घरात गेले नव्हते. आता गेले. फाटे गेलेले आहेत. पावसाळ्यात छप्पर खाली येईल आणि खाली आजारी बाई आहे. दुसरी गोष्ट. त्या छपराची अर्धी बाजू माझ्या नवऱ्यानं फेरली, ते त्यांचं शेवटचं काम. मी कवेलू ठेवा म्हटलं ते गल्लीसाठी नव्हतं. या अर्जावर मी बसायलाच नको होतं. माझं मत खोडावं, आणि कोणीतरी आत जाऊन बघावं. गिरजा देवाजी निकुरे."

२८ एप्रिल

पत्र दिलं. बाबूनं शिक्का मारला, वर न बघता. बाहेर पायऱ्यांवर गुरुजी भेटले. त्यांना कळलं होतं. इथे सगळं आधी कळतं.
"बाई, मी तुमचं नाव सुचवलं होतं."
"म्हणून त खोटं ठेवलं नाई, गुरुजी."
"ती ओळ आता गेली, कळतंय ना?"
"कळते."
"नवीन फाटे टाकून कवेलू ठेवता आले असते."
"सागाचे फाटे कुठून आणता? न् दरवर्षी फेरन कोन? एक होते."
गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "ते बांधकामाचं पुस्तक तुमच्याकडे आहे. मुदत संपली."

घरी आले ती चिडूनच. त्यांच्यावर नाही. ते चूक बोलत नाहीत. ओळ जाणारच आहे. मलाही ती थोड्याच दिवसांत दिसणार नाही, आणि मी तर रोज बघायची. आज जेवण जात नाही.

३० एप्रिल

नगर परिषदेचा अभियंता येऊन गेला. लटारूभाऊंच्या घरात पाच मिनिटं होता. बाहेर येऊन पहिलं काय विचारलं — "खाट सरकवता येत नाही का तिथून?" बुधरीबाईनं आतून ओरडून सांगितलं, "कुठी सरकवू? इकडं लाकूड, तिकडं पानी!"

२ मे

सही झाली. परवानगी मिळाली. एक अट — पत्र्यांचा रंग मातीचा हवा. लटारूभाऊ हसले, "माती काढा न् मातीचा रंग लावा म्हन्ते."

संध्याकाळी कुलदीप आला. आज खुर्चीवर बसला. बराच वेळ मोबाईल हातात फिरवत होता.
"काकू, मजूर उद्याचे भेटून राह्यले. पन उद्या त... तीन तारीख. परवा बोलावू का?"
"उद्याच बोलाव."
"पक्कं?"
"सकाळी लवकर. ऊन चढाच्या आत."
उठला. दारात थांबला.
"ते आळसाचं बोलली होती मी, कुलदीप..."
"मी विसरलो, काकू."
विसरला नाही. पण म्हणाला.

आता बसवतही नाही, उठवतही नाही. दार उघडून तीन वेळा बाहेर गेले. चांदणं आहे का बघायला, असं मनाशी म्हणत. उजेड होता तोवर डाव्या बाजूच्या ओळी पाहून घेतल्या. कुठेही वाकडी नाही.

४ मे

काल सकाळी लटारूभाऊंच्या घरी गेले, शिडी चढले, डाव्या बाजूवर तळवा टेकवला. मग यांच्या हातचा पहिला कवेलू मी काढला आणि खाली कुलदीपच्या हातात दिला.